बारा मांगूर आणि एक श्रावण

दिघाशीच्या दामू भोईरला कुणी विचारलं, की तुझ्या तळ्यात मांगूर सोडायचा की नाही ते ठरलं का, तर तो चार महिने एकच उत्तर देत होता: विचार चाललाय. चालला असेलही. माणसाला विचार करायला कोण अडवतो? पण ज्याचा विचार चालला होता तो मासा तोवर तळ्यात पोहत होता, खात होता आणि चांगला पोसला जात होता. हे गावात फक्त दोघांना ठाऊक होतं, एक दामू आणि दुसरा पाड्यावरचा चिंतू. निदान दामूची समजूत तशी होती.

तळं काही पिढीजात नव्हे. तीन वर्षांपूर्वी तिथे शेत होतं, घरापासून हाकेच्या अंतरावर, घराला वर्षभर भात पुरवणारं. राहनाळच्या बाजूला गोडाऊनं उठत होती, त्यांना भरावाला मुरूम हवा होता. ठेकेदार दामूला म्हणाला, वरचा हातभर काढतो, शेत उलट सपाट होईल. दामूला पटलं. दामूला समोरच्याचं नेहमीच पटतं, हाच त्याचा आजार. जेसीबी आले, डंपर लागले, आणि पंधरा दिवसांत शेताच्या जागी दोन पुरुष खोल खड्डा झाला. पावसाळ्यात तो काठोकाठ भरला. दामूची बायको चंद्रा त्यानंतर अख्खा हंगाम नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण संपतं तरी. ती नुसती दुकानातून तांदूळ आणायची आणि पिशवी त्याच्या पुढ्यात ठेवून आत जायची.

मग यंदाच्या आषाढात त्या खड्ड्याचं नशीब उघडलं. त्यांची मुलगी हेमाली राहनाळच्या गोडाऊनमध्ये स्कॅनर मारायच्या ड्युटीवर होती, तिचं लग्न अकलोलीच्या कुणालशी ठरलं. लग्न वैशाखात. साखरपुड्याच्या दिवशी चार माणसांत चंद्रा विहीणबाईंना, म्हणजे कुणालच्या आईला, जानकीबाईंना म्हणाली, "पाचपरतवणीला या. आमच्या तळ्यातला रोहू खाऊ घालते." लग्नानंतर पाचव्या दिवशी पोरगी नवऱ्याला आणि सासरच्यांना घेऊन माहेरी जेवायला येते, ती पाचपरतवण. त्या दिवशी पानात काय पडलं ते सासरचे वर्षभर सांगत फिरतात, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

चंद्रा बोलली आणि बोलून थांबली नाही. आठवड्याच्या आत तिने सरकारी मत्स्यबीज केंद्रातून बोटाएवढी रोहू-कटल्याची दोन हजार पिल्लं आणली, हवा भरलेल्या पिशव्यांतून, आणि एक एक पिशवी पाण्यात वाकून सोडली. रोज पहाटे ती सुपात कोंडा घेऊन जायची, काठावरून टाकायची, आणि पाण्यावर शेकडो इवली तोंडं उघडझाप करायची. एके दिवशी दामूने तिला तिथे एकटीच हसताना पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्या दोन हजार पिल्लांच्या पाठीवर आपली घरातली जागा तरंगते आहे, हे त्याला त्या दिवशी नीट कळलं. कळूनही माणूस जे करायचं तेच करतो, ही गोष्ट वेगळी.

आता भूपेश. चंद्राचा सख्खा भाऊ, भिवंडीत राहतो. आधी लूमवर होता, मग टेम्पोवर, हल्ली मासळीचा सप्लाय. दिवसभर कामगारांत वावरून बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. पहिल्याच श्रावणी सोमवारी तो दारात उभा राहिला आणि टेम्पोतून निळा ड्रम उतरवला. ड्रममध्ये बारा मांगूर. आपल्या वहाळातला तो वीतभर काळा मांगूर नव्हे. हा परदेशी, कोपरभर लांब, डोकं फावड्यासारखं चपटं, तोंडाला आठ मिशा. दाजी, तुमच्या तळ्यात असे पाच हजार सोडू, भूपेश म्हणाला. खाद्याची चिंताच नको. भिवंडीतल्या कोंबडीच्या दुकानांतून रोज जे फेकलं जातं ते सगळं हा खातो, हॉटेलातलं उष्टं खातो, दुसरा मासा दिसला तर तोही खातो. सहा महिन्यांत डबल. दामूने बिचकत विचारलं, की सरकारने याच्यावर बंदी घातली आहे म्हणतात ते? बंदी कागदावर असते, दाजी, सब चलता है, असं म्हणून भूपेशने पुढचंही ठरवून टाकलं, की हे बारा सँपल आहेत, खाऊन बघा आणि मग काय ते कळवा. आणि टेम्पो वळवून गेला.

श्रावणी सोमवारी. भोईरांच्या घरात. सँपल.

चंद्रा देवपूजा आटपून बाहेर आली, ड्रममध्ये डोकावली आणि दोन पावलं मागे सरली. माझा भाऊ असला म्हणून काय झालं, ती म्हणाली, ही घाण माझ्या रोहूंच्या आसपास नको. आणि श्रावणात दारात मासा मारायचाही नाही. दोन्ही वाक्यं तिने एका दमात सांगितली आणि दामूला दोन्ही पटली. आली का पंचाईत. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मारायचे नाहीत, ठेवायचेही नाहीत. भूपेशला फोन लावला तर तो म्हणाला, मी वसईला पोचलो दाजी, आता कुठे परत घेऊ.

दामूचा सोमवार होता, पोटात फक्त चहा. पण त्याचं डोकं चाललं. पाड्यावरच्या लोकांचा श्रावण वेगळा, ते मासे खातात. ड्रम मोटरसायकलला बांधून तो चिंतूकडे गेला. चिंतू म्हणजे पाड्यावरचा जाणता मासेमार, दामूच्या शेतावर मजुरीलाही यायचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. फुकटचे मासे बघून तो हरखेल असं दामूला वाटलं होतं. चिंतूने ड्रममध्ये बघितलं, एक मासा शेपटीला धरून उचलला, वास घेतला आणि परत टाकला.

"हा आमच्यातला न्हाय," तो म्हणाला. "यानं काय काय खाल्लंय ते यालाच ठावं. मार आणि पूर."

मार आणि पूर म्हणे. सांगायला काय जातंय. दामूने आयुष्यात श्रावणी सोमवारी ढेकूण मारला नव्हता. वहाळात सोडावे तर वहाळ नदीला मिळतो, नदीतले मासे हे खाणार, चार गावांचं नुकसान. आपल्यामुळे परक्याचं वाटोळं नको, हा विचार दामूच्या मनात खरोखर आला, आणि तो आला नसता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. देव पण चांगुलपणा कुठे कुठे वाटत फिरतो बघा.

शेवटी त्याने एक तोड काढली. तळ्याच्या काठावर आंब्याखाली ड्रम नेला आणि त्यातलं पाणी ओतून टाकलं. आपण मारायचं नाही. पाण्याबाहेर मासा आपोआप मरतो, त्यात आपला हात कुठे? मेले की पुरून टाकू. पाप नाही, पुरावा नाही, श्रावण शाबूत. दामू आंब्याखाली पाठ करून बसला, म्हणजे बघायलाही नको. तासाभराने वळून बघितलं तर बारा जण ड्रमच्या तळाशी एकमेकांवर पडून आरामात तोंड हलवत होते. दोन तासांनीही तेच. आता हा मासा वरची हवा पिऊन पाण्याबाहेरही तासन् तास जगतो, हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं आणि भूपेशने सांगितलं नव्हतं. चार तास झाले. दामूला उपासाने चक्कर यायला लागली, आणि ड्रममधल्या बारा जोड्या डोळे त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्याला दरदरून घाम फुटला. सोमवारचा शंकर आपली परीक्षा घेतोय, असं त्याला वाटलं. उपाशीपोटी बारा जीव तडफडवत बसलो, हे कुठल्या नरकात फेडणार?

त्याने ड्रम उचलला आणि तळ्यात उपडा केला. श्रावण संपेपर्यंतच, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. अमावास्या झाली की चिंतूला बोलावून जाळं टाकू, बाराच्या बारा काढू. दोन हजारांत बारा, कोणाला कळतंय. घरी आल्यावर चंद्राने विचारलं, काय केलं त्यांचं? चिंतूला दिले, दामू म्हणाला. तिने मान हलवली, आणि सोमवार सोडायला त्याला गरम वरणभात वाढला. आयुष्यात इतका बेचव वरणभात त्याने खाल्ला नव्हता.

पिठोरी अमावास्या झाली. गणपती यायला तीन दिवस. चिंतूला गुपचूप बोलावून, सगळं सांगून, शपथ घालून दामूने जाळं टाकायला लावलं. पण तळं तुडुंब भरलेलं, दोन पुरुष पाणी, आणि मांगूर बसतो तळच्या चिखलात. जाळ्यात आली ती चंद्राची रोहूची पिल्लं, ती हळूच परत सोडली. मग गणपती बसले, घरात पाच दिवस देव आणि दारात पाहुणे. मग पितृपक्ष. मग नवरात्राचे नऊ दिवस, चंद्राचे कडक. मग दिवाळीची साफसफाई. आपलं पंचांग कसं आहे, मासा न मारण्याचे दिवस त्यात भरपूर, आणि मांगूरला पंचांग नाही. तो सोमवारीही खातो आणि एकादशीलाही खातो.

इकडे भूपेश दर आठवड्याला फोन करायचा, काय ठरलं दाजी? आणि खरं सांगायचं तर दामूचं मन दोन्हीकडे होतं. या खड्ड्यातून काहीतरी घसघशीत निघावं, आणि ते चंद्रासमोर ठेवून म्हणावं, बघ, मी मुरूम विकला म्हणून हे झालं, अशी त्याची फार इच्छा होती. म्हणून तो गावभर सल्ला विचारत फिरला. चुलतभाऊ मनोज गोडाऊनवर सिक्युरिटीला होता, तो म्हणाला बिनधास्त टाक, फक्त रात्रीची राखण मला दे. किराणावाला म्हणाला टाकू नकोस, कारण कोंबडीच्या घाणीने माशा त्याच्या दुकानात आल्या असत्या. निवृत्त मास्तरांनी तासभर पर्यावरण समजावलं आणि शेवटी विचारलं की एखादा किलो मिळेल का, संधिवातावर चांगला म्हणतात. जो तो आपल्या पोळीवर तूप ओढत होता, आणि दामूला सगळ्यांचंच पटत होतं. असा हा विचार चालला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो याहून वेगळा नसतो.

मार्गशीर्षात ग्रामसभा लागली. मत्स्य खात्याच्या एक मॅडम आल्या होत्या. शेजारच्या तालुक्यात कुणाच्या तरी तळ्यात मांगूर सापडला होता, जेसीबी लावून सगळा माल खड्ड्यात पुरला होता आणि मालकावर गुन्हा दाखल झाला होता. मॅडमनी ते फोटो मोबाईलवर सगळ्यांना दाखवले. जेसीबीचा फोटो बघताच दामूचं सगळं ठरलं. चार महिन्यांचा विचार एका सेकंदात पूर्ण झाला. तो उठून उभा राहिला, आपण कधी उठलो हे त्यालाही कळलं नाही.

"माझ्या मेव्हण्यानं पाच हजार मांगूर देऊ केले होते," तो म्हणाला. "पण मी सांगतो, मरंन, पण माझ्या तळ्यात तो मासा ठेवणार न्हाय."

टाळ्या पडल्या. मॅडमनी त्याच्याबरोबर फोटो काढला, असे शेतकरी गावोगावी हवेत असं म्हणाल्या, आणि फोटो ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर गेला. भूपेश तो फोटो बघून तीन महिने बोलला नाही. उत्साहाच्या भरात दामूने पत्र्याची पाटी रंगवून तळ्यावर ठोकली: या तळ्यात मांगूर नाही, हुकमावरून, दा. ना. भोईर. पाटीखाली पाण्यात काय चाललं होतं ते पाटीला कसं दिसणार? बायकांच्या रांगेत बसलेली चंद्रा तेवढी टाळी न वाजवता पदर सावरत होती. दामूला वाटलं, भावाचं नाव निघालं म्हणून ती नाराज असेल.

दामूने त्यानंतर तळ्यावर जायचंच सोडलं. काही ना काही काम काढायचा. कोंडा टाकायला चंद्रा एकटीच जायची, रोज, न चुकता. फाल्गुनात एकदा चिंतू आडवाटेला भेटला आणि म्हणाला, "दामूदादा, तुजं बारा आता बारा न्हाय ऱ्हायलं." पाणी उतरलं होतं, त्याने काठावरून बघितलं होतं. पिल्लं झाली होती, पिल्लं मोठी झाली होती. आणि रोहू? चिंतूने रिकामी ओंजळ उघडून दाखवली. दामू घरी आला तेव्हा चंद्रा पाचपरतवणीचा मसाला कांडून घ्यायचं बघत होती. सांगून टाकावं म्हणून तो चुलीजवळ अर्धा तास बसला. मग त्याने मिरच्या निवडून दिल्या आणि उठला. भिवंडीच्या बाजारातून बर्फातले रोहू आणून चिंतूकरवी जाळ्यात घालावे, असाही विचार त्याने केला. पण बर्फातल्या माशाचे मेलेले डोळे चंद्राला लांबून ओळखू येतात.

लग्न झालं. हेमाली अकलोलीला गेली. पाचवा दिवस उजाडला, बुधवार, खाण्याचा वार, आता पंचांगही मदतीला येईना. जाळं टाकताना बघायचं म्हणून जानकीबाई मुद्दाम सकाळीच आल्या, बरोबर कुणाल, हेमाली आणि सासरची सात-आठ माणसं. वैशाखात तळं कमरेइतकं उरलं होतं. चिंतूने आणि त्याच्या दोन भावांनी जाळं ओढायला घेतलं. दामू आंब्याला टेकून उभा होता.

जाळं काठावर आलं. आत काळे, मिशाळ, मांडीएवढे मांगूर एकमेकांवर उसळत होते, पन्नास असतील, साठ असतील. चिंतूने सगळं चाचपून बघितलं आणि त्यातून रोहू वेगळे काढून ठेवले. तीन निघाले.

दामूने चंद्राकडे बघायचं धाडस केलं नाही. त्याने ठोकलेली पाटी सगळ्यांच्या डोक्यावर उभी होती. आणि मग जानकीबाई पुढे झाल्या, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. मांगूर! अहो विहीणबाई, रोहू काय कुठेही मिळतो, हा आमच्या घरात सगळ्यांच्या जिवाचा मासा. तुम्ही मुद्दाम लपवून ठेवलात होय?

झालं. हसू फुटलं, चूल पेटली, मासे कापले गेले. चंद्राने एका शब्दाने काही विचारलं नाही. तिने नेहमीच्या हाताने कालवण केलं, तुकड्या तळल्या, भाकऱ्या टाकल्या. सासरची माणसं बोटं चाटून जेवली. कुणाल तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाला, असा मांगूर बाजारात मिळत नाही, याला नक्की काहीतरी चांगलं खाऊ घातलेलं आहे. दोन हजार रोहू, दामूच्या मनात आलं. त्याने पानातली तुकडी चिवडून बाजूला सारली. पण मनातून तो सुटल्यासारखा झाला होता, सुंठीवाचून खोकला गेला म्हणून. चंद्राचा शब्द फिरला खरा, पण विहीणबाई खूश आहेत, अब्रू राहिली आहे, आणखी काय पाहिजे?

आणखी काय पाहिजे ते जानकीबाईंनी विडा खाताना सांगितलं. अकलोलीला त्यांनी नवीन शेततळं खणलं होतं. या पावसाळ्यात त्यात काय सोडायचं ते ठरत नव्हतं, आता ठरलं. त्यांनी जिवंत उरलेल्यांतले वीस मांगूर ड्रममध्ये भरून टेम्पोत ठेवायला सांगितलेही होते. तळं हेमालीच सांभाळेल, त्या म्हणाल्या, आईचं बघून शिकली आहे पोर.

विहिणीला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. त्यातही पाचपरतवणीला, पोरीचा पहिलाच फेरा. दामू हो म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. चंद्रा हातात पळी घेऊन उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. रागाने नव्हे. वाट बघत असल्यासारखी. आणि दामूला त्याच्या सबंध संसारात जे कधी झालं नव्हतं ते झालं, त्याला समोरच्याचं पटलं नाही.

"नेऊ नका ते," तो म्हणाला. "विहीणबाई, त्या तळ्यात दोन हजार रोहू होते. हिनं तुमच्यासाठी पोसलेले. मी श्रावणात बारा मांगूर चोरून सोडले, त्यांनी सगळे खाल्ले. हिला मी खोटं सांगितलं, गावाला खोटं सांगितलं, पाटी पण खोटी हाय."

सासरची मंडळी हसायला लागली. जानकीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. वीस मासे द्यायचे नसतील तर सरळ सांगावं व्याहीबुवांनी, त्या म्हणाल्या, एवढी कहाणी रचायची काय गरज. बघा आता. नऊ महिने हा माणूस खोटं बोलला तर गावाने टाळ्या वाजवल्या, मॅडमनी फोटो काढला. खरं बोलला तर चिकट ठरला. दामूला रडू यायचं बाकी राहिलं. हेमालीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"खरं हाय ते," चंद्रा दारातून म्हणाली. "मी रोज पहाटे कोंडा टाकते. रोहू वर येऊन खातो. कार्तिकापासून एक तोंड वर आलं न्हाय."

दामूने मनातल्या मनात महिने मोजले. कार्तिकापासून. म्हणजे ग्रामसभेच्या आधीपासून. त्यानंतर सहा महिने रिकाम्या पाण्यात कोंडा टाकायला ती रोज पहाटे गेली होती.

"मग बोलली का न्हाईस?" त्याने सगळ्यांसमोर विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगतील."

एवढंच. तिने आवाजही चढवला नाही. चढवला असता तर दामूला सोसलं असतं. त्याला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. मिरच्या निवडत बसलो होतो तेव्हाही ही वाट बघत होती, हे त्याला आता कळलं.

जानकीबाईंना आता पटलं. पण पटून काय झालं? त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाल्या, बरं, रोहू खाल्ले असतील, पण आमच्या तळ्यात दुसरे मासेच नाहीत, मग यांनी आमचं काय खायचं? उलट बरंच. कुणाल टेम्पोकडे निघालाही. दामूच्या डोळ्यांसमोर मॅडमचा तो जेसीबीचा फोटो आला, आणि त्या तळ्याच्या काठावर हेमाली.

दामू उठला. टेम्पोपाशी गेला, ड्रम खाली उतरवला आणि अंगणात आडवा केला. वीस मांगूर धुळीत पसरले आणि मिशा हलवत सरपटायला लागले. मग तो स्वयंपाकघरात जाऊन विळी घेऊन आला आणि भर उन्हात, सगळ्या सासरच्यांसमोर, मांडी घालून बसला. विहीणबाईंना मासे मिळतील, तो म्हणाला, पण कापून, डब्यात घालून. त्याने पहिला मासा धरला. तो हातातून सटकला. दुसऱ्यांदा धरला, परत सटकला. आयुष्यात त्याने मासा कधी साफ केला नव्हता, ते घरात चंद्राचं काम. कुणाल हसू दाबत होता, जानकीबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि तिसऱ्यांदा मासा निसटून दामूच्या सदऱ्यावर आपटला तेव्हा हेमालीलासुद्धा हसू आवरलं नाही. दामू कुणाकडे न बघता परत त्याच्या मागे गुडघ्यांवर सरकला.

चंद्रा पायरीवरून उतरली. चुलीतली मूठभर राख तिने टोपलीच्या झाकणात आणली होती. ती त्याच्या उजव्या हाताशी ठेवली आणि बाजूला पाट ओढून बसली.

"राख लावून धरा," ती म्हणाली. "आणि डोक्यापासून सुरुवात करा."